फ्राउ आंगररच्या पाच कोंबड्या

२८ ऑगस्ट, गुरुवार

लिहून टाकते, नाहीतर झोप येणार नाही.

शेजारच्या फ्राउ आंगरर तळघराच्या जिन्यावरून पडल्या. कोंबड्यांचे दाणे आणायला उतरल्या होत्या. दुपारी दोनला पडल्या आणि मला कळलं संध्याकाळी सहाला! चार तास बाई काळोखात फरशीवर पडून. कळलं ते कोंबड्यांमुळे. त्यांनी कलकलाट मांडला होता. आधी तर मी वैतागून खिडकीच लावून घेतली, मीटिंग चालू होती. खिडकी लावली हे कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला, चारूलाही नाही.

खुब्याचं हाड मोडलंय. स्ट्रेचरवरून नेताना माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "डी ह्युनर, नीता." कोंबड्या. मी म्हटलं, मी बघते, एकही कमी होणार नाही. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला वचन देऊन बसले. मी — जी खिडकीत कबुतर बसलं तरी नवऱ्याला हाक मारते!

३१ ऑगस्ट, रविवार

नावं पाठ झाली. बेर्टा, रेझी, लीझल, ट्राउडल, त्सेन्झी. सकाळी सातला खुराड्याचं दार वर ओढायचं, अंधार पडायच्या आत सगळ्या आत गेल्या की मोजायच्या, दार खाली सोडायचं, कडी. फ्राउ आंगररच्या फ्रिजवर त्यांच्या हातची चिठ्ठी आहे — "कडी दोनदा बघणे." मी चारदा बघते. मग अंथरुणात पडल्यावर वाटतं, चौथ्यांदा खरंच बघितली का? मग उठून पुन्हा.

आई रोज मोजायला सोबत येतात. सासूबाई कोंबडीला शिवणार नाहीत, अंड्याकडे बघणार नाहीत, पण मोजायची हौस दांडगी. पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदा कशात तरी त्यांचं मन लागलेलं बघतेय. बाबा गेल्याला सव्वा वर्ष झालं. वर्षश्राद्ध उरकून त्या आमच्याकडे आल्या, पण नुसत्या खुर्चीत बसून असायच्या.

रात्री माटिआसचा फोन. फ्राउ आंगररचा मुलगा, हांबुर्गला असतो. ऑपरेशन नीट झालं. पुढे पाच आठवडे रेहा, म्हणजे चालायला शिकवतात तिथे. माटिआसचं म्हणणं, आईने आता त्याच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात यावं, जागा मिळतेय. आई हट्टाला पेटलीय — माझ्या कोंबड्या वाट बघतायत, मी घरीच जाणार. तो थकल्या आवाजात म्हणाला, "कोंबड्या आहेत तोवर ती ऐकणार नाही."

म्हणजे कोंबड्या आहेत तोवर बाईचं घर आहे. हे ऐकल्यावर खाली जाऊन कडी पुन्हा बघून आले.

३ सप्टेंबर, बुधवार

पाच. कडी बघितली.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आजपासून फ्राउ आंगररना रोज संध्याकाळी सहाला फोटो पाठवायचा असं मी ठरवलं. दांडीवर ओळीने बसलेल्या पाच जणी, खाली "सगळ्या ठणठणीत!" त्यांना तेवढाच धीर.

आज त्यांचा फोनही आला. मी उत्साहाने सगळं सांगितलं, कोण किती अंडी देते, रेझी कशी दादागिरी करते. त्या म्हणाल्या, "सो, सो." असं, असं. मग विचारलं, तळघराच्या जिन्यावरचा दिवा लागतो का? म्हटलं लागतो. मग म्हणे, संध्याकाळी घर तिकडून कसं दिसतं, फार अंधार असतो का? मी म्हटलं काळजी करू नका, विजेचं सगळं बंद केलंय. जुनी माणसं, विजेचा विचार आधी.

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपंधरवडा सुरू. आईंनी ठरवलंय, बाबांची तिथी पंचमीची, पण पंधरवडाभर रोज काकघास ठेवायचा. ठेवणार कुठे? आमच्या हाउसऑर्डनुंगमध्ये, म्हणजे घरमालकाच्या नियमांच्या कागदात, स्पष्ट लिहिलंय — बाल्कनीत पक्ष्यांना खायला घालायचं नाही. मागच्या वर्षी वरच्या मजल्यावरच्यांना पत्र आलं होतं. मग मीच म्हटलं, फ्राउ आंगररच्या खुराड्याच्या छपरावर ठेवा. उंच आहे, मोकळं आहे, समोर शेत, शेतात कावळेच कावळे.

बाराला पान ठेवलं. वरण-भात, त्यावर तूप, एक वडा. आई हात जोडून उभ्या. शेतात पन्नासेक कावळे होते, एकाने मान वळवून बघितलं नाही. एक वाजला, दोन वाजले. आई तिथेच. शेवटी मी खुर्ची नेऊन दिली. संध्याकाळी पान जसंच्या तसं. कोंबड्या मोजायला त्या आल्या नाहीत.

ह्याच्या मागचं मला माहीत आहे म्हणून जास्त लागलं. बाबांच्या दहाव्यालाही कावळा शिवला नव्हता. चारूचं इथल्या राहण्याच्या परवान्याचं कार्ड नूतनीकरणाला गेलेलं, देश सोडता येत नव्हता. तो दहावा त्याने फोनवर बघितला. दोन तास पिंड तसाच. लोक एकेक इच्छा बोलून बघत होते. घाटावर कुणीतरी म्हणालं, मुलात जीव अडकलाय. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला. आईंनी आणि चारूने एकमेकांशी त्यावर एक शब्द काढलेला नाही आजवर.

९ सप्टेंबर, मंगळवार

पान साफ! पहाटे कधीतरी कावळा येऊन गेला. आई सकाळी सातला धावत आल्या, मी दार उघडत होते. म्हणाल्या, इथला कावळा पहाटेचा दिसतोय. डोळ्यांत पाणी. दुपारी दोन पोळ्या जास्त जेवल्या. बरं वाटलं खूप.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

बाबांची तिथी. खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी. गवारीसाठी चारू म्युनिकला जाऊन आला. त्याने अर्धा दिवस सुट्टी घेतली, स्वतः पान छपरावर ठेवलं. पानही कसलं, इथे केळीचं पान कुठलं, कागदाची ताटली. रोजच्यासारखंच संध्याकाळपर्यंत काही नाही. आई निश्चिंत. पहाटे येतो म्हणाल्या.

कोंबड्या पाच.

१३ सप्टेंबर, शनिवार

पान साफ.

खुराड्याच्या छपरावर विष्ठा. बोटाएवढी, पीळ दिलेली, आत आलुबुखाराच्या बिया. कावळ्याची नाही हे मलाही कळतं. पलीकडच्या हेर लेख्नरना बोलावलं. त्यांचं आयुष्य शेतात आणि शिकारीत गेलंय. एक नजर टाकून म्हणाले, मार्डर.

मार्डर आम्हाला माहीत आहे, पण गाडीपुरता. मांजराएवढा लांबुडका प्राणी, बॉनेटमध्ये शिरून वायरी कुरतडतो. चारूच्या ऑफिसात त्याच्यावर निम्मी मीटिंग जाते. तो कोंबड्यांचाही काळ आहे हे आज कळलं. हेर लेख्नर म्हणाले, अंडं जाईल एवढी फट त्याला पुरते. आणि शिरला की एकीवर थांबत नाही. मी विचारलं, पण आमच्याकडे का आला? ते म्हणाले, त्याला काहीतरी मिळत असणार. अंडी बाहेर पडतात का? नाही. दाणे? नाही, पत्र्याच्या डब्यात.

पान तर पहाटे कावळाच खातो. हा विचार मनात आला आणि गेला. लिहिते मात्र.

१५ सप्टेंबर, सोमवार

त्सेन्झी गेली.

सकाळी दार वर ओढलं, चौघी बाहेर आल्या. पाचवीची वाट बघत मी मूर्खासारखी उभी. मग वाकून बघितलं. काळी पिसं सगळीकडे, आणि ती कोपऱ्यात. मान नव्हती. पुढचं लिहवत नाही.

हेर लेख्नर येऊन घेऊन गेले. म्हणाले नशीब, एकीवरच भागलं, काहीतरी झालं म्हणून तो मध्येच पळाला असणार. डाव्या बाजूची फळी वाकून फट पडली होती. मी चारदा कडी बघत होते! कडी!

आईंनी मला मिठी मारली. असं त्या कधी करत नाहीत.

संध्याकाळी सहा. फोन हातात घेऊन अर्धा तास. मग फोटो काढला, बेर्टाच्या बाजूने, असा की दांडीचं दुसरं टोक दिसू नये. "सगळ्या ठणठणीत!"

१६ सप्टेंबर, मंगळवार

आमच्या लेकीची, अन्वीची शाळा सुरू झाली. पाचवी. सकाळी दप्तर भरताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "मामा, दास वार गेलोगन." मामा म्हणजे मी; कालचा फोटो खोटा होता. मी मराठीत बोलले, तिने नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये ऐकवलं — तूच सांगतेस खोटं बोलू नये म्हणून. मी म्हटलं, शेजारची आजी आजारी आहे, धक्का बसेल. ती म्हणाली, मग बरी झाल्यावर धक्का बसणार नाही का?

दहा वर्षांची पोर! डबा विसरशील म्हणून मी ओरडले.

१७ सप्टेंबर, बुधवार

चारूने काम हातात घेतलंय. आमचा नवरा घरात झुरळ निघालं तरी कंपनीतल्यासारखा एट-डी रिपोर्ट करणार, म्हणजे आठ पायऱ्यांनी दोषाचं मूळ शोधायचं. जेवणाच्या टेबलावर मोठा कागद, माशाच्या काट्यासारखी आकृती. फळी, जाळी, दार, दाणे, अंडी, आलुबुखाराचं झाड, शेजारची मांजर. "का?" पाचदा विचारायचं म्हणे. शिवाय डाव्या फळीवर पत्रा मारला, खुराड्यात रेडिओ लावला. माणसाचा आवाज असला की तो येत नाही असं कुठेतरी वाचलं त्याने. आता आमच्या चौघी रात्रभर ट्रॅफिकच्या बातम्या ऐकतात.

आई म्हणाल्या, चारू फार मनाला लावून घेतोय. खरं आहे. कागदापाशी बसला की त्याचा चेहरा बघवत नाही.

पान ठेवणं चालू आहे. पान साफ होणं चालू आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

फ्राउ आंगररचा फोन. रेहामध्ये त्यांना जिना चढायला लावतात. तीन पायऱ्या झाल्या आज. मी म्हटलं वा, मग लवकरच घरी! त्यांनी विचारलं, "पाचही आहेत?" मी म्हटलं, "हो, पाचही." फोनमध्ये मोठा श्वास ऐकू आला. "ना या," म्हणाल्या. बरं तर. "मग यावंच लागेल."

फोन ठेवून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. किती आस लागली असेल त्या बाईला.

२० सप्टेंबर, शनिवार

ट्राउडल. पांढरी. वरच्या झरोक्याची प्लास्टिकची जाळी फाडून शिरला. रेडिओ चालूच होता.

ह्या वेळीही एकच. तिघी दांडीवर, चोची उघड्या, खाली उतरेनात. शेवटी अन्वी आत शिरली आणि एकेकीला उचलून बाहेर आणलं.

हेर लेख्नरनी खुराड्याभोवती फेरी मारली. मागच्या भिंतीला लागून फ्राउ आंगररची कोम्पोस्टची लाकडी पेटी आहे. पालापाचोळा टाकायची. ते म्हणाले, ह्याच्यावर चढून झरोक्यापर्यंत पोचतो. मग वाकून बघितलं, काठीने ढवळलं. भात निघाला. म्हणाले, शिजवलेलं कोण टाकतंय इथे? मी म्हटलं कुणी नाही, फ्राउ आंगरर तर रेहात आहेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, कावळा पानातलं उचलून मागे नेऊन खात असेल.

जाताना त्यांनी रात्री फोटो काढणारा कॅमेरा दिला. झाडाला बांधला. चारू दुकानात लोखंडी जाळी आणायला गेला होता, त्याला सांगायचं राहून गेलं.

संध्याकाळचा फोटो — तीन कोंबड्या, अगदी जवळून. "सगळ्या ठणठणीत!" बोटं आता सवयीने लिहितात. ह्याचीच लाज वाटते.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री

शांतपणे लिहायचं ठरवलंय.

सकाळी कॅमेऱ्याचं कार्ड लॅपटॉपला लावलं. अन्वी शेजारी. आई स्वयंपाकघरात, आज सगळ्या पितरांचं, चार खाणारी माणसं आणि चौदा पदार्थ.

रात्री पावणेअकरा : मार्डर. गळ्यावर पांढरा पट्टा. कोम्पोस्टच्या पेटीवर बसून दोन्ही हातांत धरून काहीतरी खातोय. वडा. आमचा उडदाच्या डाळीचा वडा.

मग काही नाही. मग पहाटे चार बावन्न : माणूस. डोक्याला दिवा, अंगात कंपनीचं जाकीट. अन्वी म्हणाली, "दास इस्ट पापा." हा तर पापा.

चारू छपरावरचं पान उचलतो. मागे जातो. कोम्पोस्टवर उलटं करतो. पुढच्या फोटोत तो तसाच उभा आहे, हात जोडून. पुढच्यातही. पाच फोटो तो हात जोडून उभा आहे.

कुंपणानेच शेत खाल्लं.

मी अन्वीला वर पाठवलं. तिने विचारलं, पापाला पोलीस पकडतील का? नाही म्हटलं. चारूला गॅरेजमध्ये गाठलं, जाळी कापत होता. लॅपटॉप समोर धरला. तो जाळीवरच खाली बसला.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आईचा चेहरा बघितला आणि राहवलं नाही, म्हणाला. नाहीतरी सव्वापाचला कामावर निघतोच, त्याआधी; सुट्टीच्या दिवशी मुद्दाम उठून. डब्यात का नाही टाकलंस, मी विचारलं. त्यावर तो चिडला. बाबांचं अन्न कचऱ्याच्या डब्यात टाकू? मातीत जावं म्हणून तिथे ठेवत होतो.

"दहाव्याला कावळा आला नाही, नीता. मी दोन तास फोनवर बघत होतो. मुलात जीव अडकलाय म्हणाले, तेही ऐकलं मी. बोलणाऱ्याला वाटलं, फोन बंद आहे."

माझा राग अर्ध्यावर विझला. पूर्ण नाही. कारण मग मी विचारलं, त्या दोन पहाटे तुला काहीच ऐकू आलं नाही? म्हणाला, आलं होतं. फडफड. त्याला वाटलं, जाग्या होत असतील. म्हणजे मार्डर आत होता आणि हा बाहेर हात जोडून उभा होता. हा होता म्हणूनच तो एकीवर पळाला. आणि हा होता म्हणूनच तो आला.

त्या कागदावरच्या माशाच्या काट्यात सगळं होतं. कोम्पोस्ट नव्हतं. बघितलं मी आत्ता.

आईंना तू सांगायचंस, मी नाही, असं सांगून आले. आज नको म्हणाला. आज सर्वपित्री.

आजचं पान ठेवलं. संध्याकाळी मीच उचललं आणि बंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलं. त्याचं काय करायचं मला माहीत नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

सांगितलं त्याने. आई मेथी निवडत होत्या. निवडणं थांबलं नाही, पण काड्यांबरोबर पानंही टाकायला लागल्या. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पान उचलताना हात जोडायचास?"

"हो."

"मग झालं."

गॅस बंद केला आणि खोलीत गेल्या. रात्री जेवल्या नाहीत. चारू त्यांच्या दाराबाहेर जमिनीवर बसून होता.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आजही त्या दोघांचं बोलणं नाही. मी कोम्पोस्ट रिकामं केलं, पेटी भिंतीपासून ओढून बागेच्या मधोमध आणली. पाठ गेली कामातून. झरोक्याला लोखंडी जाळी, वीस स्क्रू. तिघी आहेत.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आई आज कोंबड्या मोजायला आल्या. मोजून झाल्यावर मी फोन काढला तसा त्यांनी माझा हात खाली केला. म्हणाल्या, कोंबडं झाकल्याने उजाडायचं राहत नाही. मग सावकाश बोलल्या —

"मला पंधरा दिवस खोटं दाखवलंत ते मी गिळलं. माझा मुलगा आहे, माझ्या मायेने केलं. ती बाई परकी आहे. तिला हे गिळायला लावू नकोस."

मी म्हटलं, आई, तिचं घर जाईल. कोंबड्यांच्याच जोरावर ती भांडतेय. त्या म्हणाल्या, जाईल ते खऱ्याने जाऊ दे.

बोलायला सोपं आहे. वचन मी दिलंय. खिडकी मी लावली होती. पुन्हा एकदा त्या बाईला काळोखात सोडायचं, तेही मीच?

फोटो पाठवला. फक्त बेर्टाचा.

२९ सप्टेंबर, सोमवार

माटिआस. त्याची आई दहा ऑक्टोबरला रेहातून सुटणार. काठी घेऊन चालते, पण जिना अजून धड जमत नाही. वृद्धाश्रमवाले शुक्रवारपर्यंत थांबतात, मग जागा दुसऱ्याला. त्याने मला सरळ विचारलं, तुम्ही तिला समजावाल का? ती तुमचं ऐकते. मी म्हटलं, मी कशी सांगू घरी येऊ नका म्हणून? तो म्हणाला, हो, तेही खरं. शेवटी कोंबड्यांचं विचारलं. ठीक आहेत म्हटलं.

त्याला बाईचं घर विकायचंय असं मी इतके दिवस धरून चालले होते. आज त्याच्या आवाजात तसं काही वाटलं नाही. घाबरलेला वाटला. माझ्यासारखाच.

१ ऑक्टोबर, बुधवार

झोप नाही. तीन वाजता बॅटरी घेऊन खुराड्यापाशी गेले. आई तिथे आधीच उभ्या, स्वेटरवर शाल. चारूही, थोडा लांब. मी बॅटरीने कडी बघितली. मग आई चारूला म्हणाल्या, थंडी आहे, टोपी घाल. आठ दिवसांनी पहिलं वाक्य.

तिघी ठीक. मार्डर नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सुट्टी. वृद्धाश्रमाची मुदत आज संपायची होती, माटिआसने हातापाया पडून सोमवारपर्यंत वाढवून घेतली. मला मेसेज करून कळवलं. का कळवलं माहीत नाही.

उद्या रेहात फ्राउ आंगररना भेटायला जाते. ठरलं. चारू म्हणाला मी येतो, चूक माझी आहे. मी नको म्हटलं. वाक्यं जर्मनमध्ये लिहून ठेवलीत, अन्वीने तपासून दिली. एकही चूक काढली नाही, नुसतं शेजारी बसून राहिली. आईंनी डब्यात रव्याचे लाडू दिलेत. बिनअंड्याचे, हे तिला नक्की सांग म्हणाल्या.

ती बाई कोलमडली तर मी काय करणार आहे?

४ ऑक्टोबर, शनिवार

सांगितलं. त्सेन्झी गेली, ट्राउडल गेली, चूक आमची, फोटो खोटे होते. फ्राउ आंगररनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "गॉट झाय डांक." देवाचे आभार. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, रोज सहाला तुझा फोटो यायचा आणि रोज रात्री मला तो जिना दिसायचा. चार तास पडले होते मी तिथे. मला त्या घरात एकटीने जायचं नाही. पण मुलाशी कोंबड्यांच्या नावाने इतकी भांडले, आता कुठल्या तोंडाने सांगू?

बराच वेळ लाडू हातात घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, "माटिआसने विचारलं तर सांग, पाचही गेल्या."

हो म्हटलं.